जाड तेल की पातळ तेल?

मुलांनो, थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी काकवीची बरणी कधी तिरपी करून पाहिली आहे का? आमच्या आष्ट्याच्या भागात उसाला तोटा नाही. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी बऱ्याच घरांत असते. भाकरीवर घ्यावी म्हणून बरणी वाकडी केली, तर काकवी जागची हलत नाही. आई ओरडते, "शाळेला उशीर होतोय, चमच्यानं घे की!" तीच बरणी चुलीजवळ थोडा वेळ ठेवा. काकवी कशी धारेनं येते! काकवी तीच, बरणी तीच. बदललं ते फक्त तापमान.

ही काकवी डोक्यात ठेवा. आज आपल्याला बोलायचं आहे मोटारीच्या इंजिनात घालतात त्या तेलाबद्दल.

पेठहून इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या सुट्या भागांची कितीतरी दुकानं आहेत. तिथल्या फळ्यांवर रंगीबेरंगी डबे मांडलेले असतात. त्यांवर लिहिलेलं असतं २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४०, 'फुल्ली सिंथेटिक', 'रेसिंग' आणि आणखी काय काय. एखाद्या डब्यावर तर लालभडक गाडीचं चित्र, चाकांतून ज्वाळा निघताहेत! माझ्या वर्गातल्या एका मुलानं मला विचारलं, "बाई, आमचे काका म्हणतात, गाडी जेवढी जोरात पळते तेवढं तेल जाड लागतं. खरं का?"

असं मानणारे काका एकटे नाहीत. जाड तेल म्हणजे दमदार तेल, पातळ तेल म्हणजे पाणी घातलेलं, असं आपल्याकडं अनेक मोठी माणसंही समजतात. खरं काय ते पाहायचं, तर आधी हे तेल इंजिनात करतं तरी काय, ते बघायला हवं.

बैलगाडीपासून विमानापर्यंत

तुमच्या आजोबांना विचारा, बैलगाडीच्या आसाला वंगण लावत की नाही? एरंडेलात काजळी, जळक्या काडाची राख असं काहीबाही कालवून ते काळं वंगण करत. गाडीला एक नळकांडं लटकवलेलं असे, त्यात ते भरून ठेवत. वंगण नसलं की चाक कुरकुरायचं, आस झिजायचा, बैलांना ओझं जड व्हायचं. काम एकच, दोन भाग एकमेकांवर घासू द्यायचे नाहीत.

बैलगाडीचं चाक मिनिटाला दहा-वीस फेरे घेत असेल. आता मोटारीचं इंजिन घ्या. जोरात पळवलं तर ते मिनिटाला ६००० फेरे सहज घेतं. म्हणजे एका सेकंदात १००! तुमची पापणी एकदा लवेपर्यंत आतला दट्ट्या, ज्याला पिस्टन म्हणतात, तो दहा-पंधरा वेळा तरी वर-खाली होऊन जातो. आत इंधनाचा भडका उडतो तेव्हा क्षणभर २००० अंशांच्या वर उष्णता असते. आणि हे सगळे लोखंडाचे, ॲल्युमिनियमचे भाग एकमेकांपासून दूर ठेवतो तो तेलाचा एक थर. तो थर किती जाड? बऱ्याच ठिकाणी आपल्या डोक्याच्या केसाहूनही कितीतरी पातळ. तेवढ्या थरावर सगळा कारभार चालतो.

तेल एवढंच करत नाही. ते पिस्टनची उष्णता वाहून नेतं. जळक्या इंधनाची काजळी धुऊन आपल्यात ठेवून घेतं. पिस्टनच्या कडेच्या बारीक फटी बुजवतं आणि आतल्या धातूला गंज चढू देत नाही. तेल काळं झालेलं दिसलं की आपण म्हणतो, खराब झालं. पण काळं होतंय याचा अर्थ ते साफसफाई करतंय, असाही होतो बरं का! फरशी पुसल्यावर फडकं मळलेलं दिसतं, तसंच.

पूर्वी मोटारींच्या शर्यतींत आणि विमानांत कोणतं तेल घालत, ठाऊक आहे? नाव ऐकून तोंड वाकडं कराल. एरंडेल! होय, तेच, जे पोट साफ होण्यासाठी आजी नाक दाबून पाजायची. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धातली अनेक विमानं रोटरी इंजिनावर उडत. त्यात सबंध इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं. त्या इंजिनात पेट्रोल आणि वंगण एकत्र येत. साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून जायचं आणि त्याचा वंगणाचा गुण कमी व्हायचा. एरंडेल मात्र सहजी विरघळत नसे. शिवाय खूप तापलं तरी त्याचा थर धातूला धरून राहायचा. न जळलेलं एरंडेल वाऱ्याबरोबर वैमानिकाच्या तोंडावर उडायचं आणि त्यामुळं त्यांची पोटं बिघडत, असं सांगतात. शत्रू समोर, आणि पोटात ही गडबड!

'कॅस्ट्रॉल' हे नाव तुम्ही पेट्रोल पंपावर वाचलं असेल. एरंडाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात. इंग्लंडमधल्या चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीनं १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं वंगण काढलं, त्यावरून ते नाव पडलं. आपल्या बांधावरच्या एरंडाचं नाव असं जगभर फिरतंय.

एरंडेलात एक खोड होती. तापून तापून त्याचा डिंकासारखा चिकट थर इंजिनात साचायचा. शर्यतीच्या गाडीला ते चालून जाई, कारण शर्यत संपली की इंजिन खोलून साफ करत. रोज दूध घालायला जाणाऱ्या गाडीचं इंजिन कोण रोज खोलणार? शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांच्यातला हा फरक लक्षात ठेवा, पुढं तो आपल्याला लागणार आहे.

आकड्यांची भाषा

आता डब्यावरचे आकडे. अमेरिकेत मोटार इंजिनिअरांची एक संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली. तिचं लघुनाम एस.ए.ई. या संस्थेनं १९११ मध्ये तेलाच्या जाडीची पहिली प्रतवारी ठरवली. पुढं ती बदलत, सुधारत गेली, पण आजही जगभर तीच चालते.

५डब्ल्यू-४० घ्या. यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा सांगतो की थंडीत तेल किती सहज वाहतं. आकडा जितका लहान, तितकं ते गारठ्यात कमी आळतं. ५ म्हणजे ५ अंश तापमान नव्हे हं! ५डब्ल्यूच्या तेलाची परीक्षा उणे ३० अंशांत इंजिन फिरतं का, अशी घेतात. १५डब्ल्यूची उणे २० अंशांत आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांत.

दुसरा आकडा, ४०, सांगतो तेल पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सियसला, किती जाड राहतं ते. ही जाडी सेंटिस्टोक नावाच्या मापात मोजतात. साधं पाणी त्या मापात १ भरतं. ४० नंबरचं तेल १०० अंशांना साडेबारा ते सव्वासोळाच्या दरम्यान असावं लागतं, आणि ३० नंबरचं सव्वानऊ ते साडेबाराच्या दरम्यान.

इथं अनेकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, ५डब्ल्यू-४० थंडीत ५ इतकं पातळ असतं आणि तापल्यावर ४० इतकं जाड होतं. छे! तापल्यावर जाड होणारं तेल इंजिनात कुणी घालत नाही. सगळी तेलं काकवीसारखीच, गार झाली की घट्ट आणि तापली की पातळ. फरक एवढाच की काही कमी बदलतात, काही जास्त.

सर्वसाधारण ५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना ८०-९० सेंटिस्टोक भरतं. २०डब्ल्यू-५० त्याच तापमानाला १६०च्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड. आणि डिसेंबरातल्या पहाटे आपल्याकडं १२-१५ अंश असतात, तेव्हा तर दोन्ही आणखी घट्ट. आता कल्पना करा. गाडी रात्रभर उभी होती, सगळं तेल निथळून खालच्या टाकीत बसलंय. सकाळी चावी फिरवली. तेलाचा पंप खालून तेल ओढून अगदी वरच्या भागापर्यंत पोचवणार. पातळ तेल चटकन पोचतं. जाड तेल रेंगाळतं, आणि तेवढे क्षण वरचे भाग जवळजवळ कोरडे फिरतात. इंजिनाची झीज अशा थंड सुरुवातीलाच बरीच होते.

घरी एक गंमत करून पाहा. दोन वाट्यांत सारखी काकवी घ्या. एक वाटी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी कोमट पाण्याच्या पातेल्यात. मग स्टीलचं ताट भिंतीला तिरपं टेकवा आणि दोन्हींतली एकेक चमचा काकवी एकाच वेळी वरून सोडा. खाली पोचायला कुणाला किती सेकंद लागतात ते मोजून वहीत लिहा. (ताट नंतर चाटायला हरकत नाही.)

मग तेल पातळच घ्यावं का? तसंही नाही. फार पातळ तेलाचा थर तापलेल्या, दाबाखालच्या भागांत तुटतो आणि धातूवर धातू घासतो. कोणत्या इंजिनाला किती जाडी हवी, हे त्या इंजिनातल्या फटी केवढ्या ठेवल्यात, पंप किती ताकदीचा आहे, यावर ठरतं. विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन, ज्याला आपल्याकडं सरळ 'इंजान' म्हणतात, ते सावकाश फिरायचं. ते एकाच नंबरच्या, ३० किंवा ४०च्या तेलावर वर्षानुवर्षं पाणी उपसत राहिलं. काकांची समजूत बहुधा तिथूनच आली असावी. त्या इंजिनाला ते बरोबरच होतं. सगळी भानगड होते ती तोच नियम आजच्या वेगवान गाडीला लावल्यावर.

सिंथेटिक म्हणजे नकली?

'सिंथेटिक' म्हणजे कृत्रिम. आपल्याला लगेच वाटतं नकली, कारण नायलॉनचा सदरा आणि सुती सदरा आपण वापरून पाहिलेला असतो. इथं मात्र उलट आहे.

जमिनीतून निघणारं कच्चं तेल शुद्ध करताना त्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल वेगळं होतं, तसं वंगणाचं मूळ तेलही वेगळं काढतात. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमची रिफायनरी आहे, तिथं असं मूळ तेल तयार होतं. पण कितीही शुद्ध केलं तरी खनिज तेलातले रेणू लहान-मोठे, आडवेतिडवे राहतात. खडीच्या ढिगासारखे म्हणा ना. चाळली तरी एकसारखा दगड मिळत नाही. सिंथेटिक तेलात रेणू मुद्दाम घडवतात. इथिलीन नावाच्या वायूपासून साखळ्या जोडत जोडत नेमक्या मापाचे रेणू करतात. झाऱ्यातून पाडलेली बुंदी कशी सगळी एका आकाराची असते? तसं. एकसारखे रेणू एकमेकांवरून सहज घसरतात, थंडीत लवकर आळत नाहीत आणि उष्णतेत लवकर उडून किंवा कुजून जात नाहीत. आणखी एक जात आहे एस्टरची. जेट विमानांच्या इंजिनांत ती वापरतात. आणि गंमत म्हणजे आपलं एरंडेल हाही निसर्गानं बनवलेला एस्टरच!

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत खनिज तेलाचा तुटवडा होता आणि सैन्य रशियाच्या बर्फात लढत होतं. तिथं गोठणार नाही अशा वंगणाची निकड होती, म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अशा बनवलेल्या तेलांवर खूप काम केलं. सामान्य मोटारींसाठी ती दुकानात मिळू लागली १९७०च्या दशकात.

आता थोडी सावधगिरी. खनिज तेलावर हायड्रोजन वायूची जबर प्रक्रिया करून त्याचे रेणू बरेच एकसारखे करता येतात. अशा तेलाला सिंथेटिक म्हणावं की नाही, यावरून १९९९ मध्ये अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांचं भांडण झालं. जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या तिथल्या मंडळानं निकाल दिला, म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून डब्यावर 'सिंथेटिक' असलं म्हणून आत नेमकं काय आहे, ते कळतंच असं नाही. ही तेलंही चांगली असतात, वाईट नव्हेत. पण त्या एका शब्दाला भुलून जास्त पैसे मोजायचे का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

मूळ तेलात आणखी काही मसाला घालावा लागतो. कुणी मळ धुणारा, कुणी झीज थोपवणारा, कुणी फेस मारणारा. त्यात एक लांबलचक धाग्यांसारखा पदार्थ असतो. थंडीत तो लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळून पडतो, तापला की उलगडतो आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाही. पण जोरात फिरणाऱ्या इंजिनात हे धागे कातरले जातात आणि ४० नंबरचं तेल हळूहळू ३०च्या घरात घसरतं. चांगल्या सिंथेटिक तेलाला मुळातच असे धागे कमी लागतात. वेगवान गाडीसाठी मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो.

टर्बोची उष्णता

वेगवान गाडी म्हटलं की तुम्हाला परदेशातली आठवेल. पण आपल्या महाराष्ट्रातही अशा गाड्या बनल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. ऑक्टाव्हिया आर.एस. २००४ मध्ये आली, ती भारतात टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक होती. २०१७ मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आर.एस.ची ताकद होती २३० अश्वशक्ती. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगननं २००९ पासून २०२२ पर्यंत पोलो बनवली. तिची २०१३ची जी.टी. टी.एस.आय. म्हणजे १.२ लिटरच्या चिमुकल्या इंजिनात १०५ अश्वशक्ती! एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद कुठून येते?

टर्बोतून. इंजिनाचा धूर बाहेर जाताना एका पंख्याला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. पेट्रोल इंजिनाचा हा धूर ९०० अंशांच्याही वर तापतो. दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. आणि तो दांडा बहुतेक गाड्यांत कशावर टेकलेला असतो? बॉल बेअरिंगवर नाही, तेलाच्या थरावर तो तरंगत असतो. म्हणजे तेल थोडं उशिरा पोचलं किंवा तिथं करपून बसलं, की टर्बोचं आयुष्य संपत आलंच समजा.

आमच्या गल्लीतल्या एका दादानं पुण्याहून जुनी टर्बो पेट्रोल गाडी आणली. दिसायला देखणी. गाडीबरोबरचं पुस्तक पुढच्या कप्प्यात होतं, ते कुणी उघडलंच नाही. तीन वर्षं तेल बदललं नाही, "चालतीय की!" मध्ये पातळी खाली गेली, तर ट्रॅक्टरसाठी आणलेलं उरलेलं तेल वरून ओतलं. एकदा पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढताना गाडीचा जोर गेला आणि मागून निळा धूर. ओढून आणावी लागली. मिस्त्रींनी खालची टाकी उघडली तर आत तेल कुठलं, डांबरासारखा लगदा! टर्बोचा दांडा खिळखिळा झाला होता. त्या वर्षीच्या उसाच्या बिलाचा पहिला हप्ता सगळा त्या दुरुस्तीत गेला. दादा अजून ट्रॅक्टरच्या तेलाला दोष देतो. मला विचाराल तर खरा दोष त्या तीन वर्षांचा. उत्तमातलं उत्तम सिंथेटिक तेल असतं, तरी तीन वर्षांत तेही कामातून गेलं असतं.

मग घ्यायचं कोणतं?

पहिलं काम, गाडीचं पुस्तक उघडायचं. मागच्या पानांवर 'इंजिन ऑइल' असा मजकूर असतो. तिथं नुसती जाडी नसते, एक परवलीचा शब्दही असतो. ए.पी.आय. या अमेरिकन संस्थेच्या यादीत 'एस'नं सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी'नं सुरू होणारी डिझेलसाठी असतात. एस.पी. ही पायरी २०२० मध्ये आली, एस.क्यू. २०२५ मध्ये. युरोपातल्या गाड्या बनवणारे आपली वेगळी परीक्षा घेतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी ५०२ ०० हा आकडा सांगितलेला असतो. त्याच कंपनीच्या युरोपातल्या कित्येक नव्या इंजिनांना ५०८ ०० लागतं, आणि ते तर ०डब्ल्यू-२० इतकं पातळ! एकाच घरातली दोन इंजिनं आणि त्यांना अशी दोन वेगळी तेलं. एकाचं तेल दुसऱ्याला घातलं तर नुकसान. म्हणून डबा उचलायचा, तो उलटा करायचा आणि मागच्या बारीक अक्षरांत पुस्तकातला आकडा आहे का ते शोधायचं. पुढच्या बाजूच्या ज्वाळा आणि लाल गाडी बघायची नाही.

पुस्तकात दोन-तीन जाड्या दिलेल्या असतील, तर हवामान पाहून निवडता येते. आष्ट्याला उणे ३० अंश होणार नाहीत, त्यामुळे पुस्तकानं १०डब्ल्यू-४० चालेल म्हटलं असेल तर केवळ हौसेखातर ०डब्ल्यूचा महाग डबा आणायचं काही कारण दिसत नाही. टर्बो गाडी असेल, उन्हाळ्यात हायवेला लांब पळवायची असेल, तर मात्र पुस्तकात बसणारं सिंथेटिक घ्यावं. तिथं पैसे वाचवू नयेत.

'रेसिंग' लिहिलेल्या डब्याचं काय? कोल्हापूरला मोहिते रेसिंग ट्रॅक आहे, तिथं गो-कार्टच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. त्यातल्या टू-स्ट्रोक गो-कार्टमध्ये वंगण चक्क पेट्रोलमध्येच मिसळतात आणि ते जळूनही जातं. मोठ्या शर्यतीच्या गाड्यांत तेल शर्यतीगणिक बदलतात. त्यामुळे खास शर्यतीच्या तेलात मळ धुण्याचा मसाला कमी असला तरी भागतं. आपली गाडी मात्र सकाळी दूध डेअरीला, मग शाळेला, मग सांगलीच्या गर्दीत आणि रविवारी हायवेला अशी महिनोन्‌महिने एकाच तेलावर चालते. ते तेल मळ धरून ठेवणारंच हवं. शिवाय १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बी.एस.-६ गाड्यांच्या धुराच्या नळीत प्रदूषण रोखणारी नाजूक यंत्रणा असते. तेलातला चुकीचा मसाला जळून तिथं बसला, तर ती निकामी होते.

आणखी एक गोष्ट आपल्या उसाशी जोडलेली. साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांच्या आसपास असतं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. गाडी रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालवली, तर इंजिन नीट तापत नाही आणि पाण्याचा, इंधनाचा अंश तेलात साचत जातो. अधूनमधून लांबची फेरी झाली की तो उडून जातो. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलायचंच, असं बहुतेक पुस्तकं सांगतात.

घरी मोटार नसून मोटारसायकल आहे? तिचं पुस्तक वेगळं. तिचा क्लच बहुधा इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जे.ए.एस.ओ. एम.ए.' किंवा 'एम.ए.-२' ही खूण लागते. मोटारीचं निसरडं तेल घातलं तर क्लच घसरायला लागतो. आणि काकांना हेही सांगा, हिरोच्या बऱ्याच मोटारसायकलींना कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, काही जाड-बीड नाही.

तेल बदलून झाल्यावर रिकामा डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नका. नावाजलेल्या कंपनीचे रिकामे डबे गोळा करून त्यात भलतंच तेल भरून विकणारे लोक असतात. मोठ्या माणसाकडून डब्याला खिळ्यानं भोकं पाडून घ्या. निघालेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीकडेला ओतायचं नाही. वाळवीसाठी लाकडाला लावायला ते कुणी मागून नेतं, पण त्यात काजळी, धातूचा चुरा आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात, तेव्हा उघड्या हातांनी तर अजिबात नको. ते परत शुद्ध करणारे परवानाधारक कारखाने आहेत. गॅरेजवाल्यांना विचारा, ते कुणाला देतात.

एक काम मात्र तुम्ही स्वतः करू शकता, मोठ्यांपैकी कुणाला तरी बरोबर घेऊन. गाडी सपाट जागी उभी करून बंद करा. दहा मिनिटं थांबा. बॉनेट उघडल्यावर पिवळ्या किंवा नारिंगी कडीची एक लांब पट्टी दिसेल. (काही नव्या गाड्यांत ती नसते, तिथं पातळी पुढच्या पडद्यावर दिसते.) ती ओढून फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि परत काढा. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वरही नको, कारण मग फिरणारा दांडा तेल घुसळतो आणि ताकासारखा फेस होतो. आणि तेल खालच्या खुणेच्याही खाली असलं, तर गाडीची चावी काढून घ्या आणि आधी मिस्त्रींना बोलवा.